हॅस्केल करी

हॅस्केल ब्रुक्स करी (जन्म : १२ सप्टेंबर १९००, मिलिस, मॅसेच्युसेट्स, मृत्यू : १ सप्टेंबर १९८२, स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया) हे अमेरिकन गणितज्ञ व तर्कशास्त्रज्ञ होते. चलांचा वापर न करता गणितातील फलने मांडणाऱ्या कॉम्बिनेटरी लॉजिक, म्हणजेच संयोजकांच्या तर्कशास्त्राच्या उभारणीचे मुख्य श्रेय त्यांना दिले जाते. या शाखेची मूळ कल्पना मोझेस शॉनफिंकेल यांची होती. तिला शास्त्राचे रूप करी यांनी दिले. करी विरोधाभास, करी–हॉवर्ड साधर्म्य आणि करिंग ही प्रक्रिया त्यांच्या नावाने ओळखली जाते. हॅस्केल आणि करी या दोन प्रोग्रॅमिंग भाषांनाही त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासात करी यांचे महत्त्व विशेषतः एका विचारामुळे आहे. कोणतेही पद प्रथम मुक्तपणे लिहू द्यावे आणि त्याचा प्रकार हे त्या पदाविषयी नंतर केलेले, तपासून पाहता येणारे वेगळे विधान मानावे, असा हा विचार होय. प्रकार न सांगता लिहिल्या जाणाऱ्या पायथनसारख्या भाषांना पुढे प्रकारांच्या नोंदी जोडण्याची जी पद्धत रूढ झाली, तिचे तार्किक मूळ या विचारात सापडते.

जन्म आणि कुटुंब

करी यांचे वडील सॅम्युएल सायलस करी आणि आई ॲना बाराइट करी हे दोघेही वक्तृत्वकलेचे शिक्षक होते. बॉस्टन येथील स्कूल ऑफ एक्स्प्रेशन ही संस्था ते चालवीत. दूरध्वनीचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा या संस्थेशी निकटचा संबंध होता. हीच संस्था पुढे करी कॉलेज या नावाने ओळखली जाऊ लागली. शब्द कसा उच्चारावा आणि वाक्याचा अर्थ श्रोत्यापर्यंत कसा पोचवावा, याचा विचार ज्या घरात नित्य चाले, त्या घरातील मुलाने पुढे शब्दांच्या अर्थाला पूर्णपणे बाजूला ठेवून केवळ चिन्हांच्या नियमांचा अभ्यास केला.

शिक्षण

शालेय शिक्षण पूर्ण करून करी यांनी १९१६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. त्या वेळी वैद्यकशास्त्र शिकण्याचा त्यांचा मानस होता. पहिल्याच वर्षी घेतलेल्या गणिताच्या अभ्यासक्रमाने त्यांचे मन त्या विषयाकडे ओढले. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. युद्धात उपयोगी पडेल या विचाराने त्यांनी वैद्यकशास्त्र सोडून गणित हा मुख्य विषय निवडला आणि विद्यार्थ्यांच्या सैनिकी प्रशिक्षण दलात नाव नोंदविले. युद्ध १९१८ मध्ये संपले. १९२० मध्ये त्यांनी गणिताची पदवी मिळविली.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी विषय बदलण्यात घालविली. १९२० ते १९२२ या काळात ते मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकत होते आणि त्याच वेळी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अर्धवेळ काम करीत होते. आलेले उत्तर उपयोगी पडते एवढ्यावर अभियंत्यांचे समाधान होते, तर ते उत्तर बरोबर का, हे जाणून घेण्याची करी यांना ओढ होती. म्हणून ते शुद्ध विज्ञानाकडे वळले. हार्वर्डमध्ये त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांचे साहाय्यक म्हणून काम केले आणि १९२४ मध्ये भौतिकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतली. अखेरीस ते पुन्हा गणिताकडे आले. जॉर्ज बर्कहॉफ यांनी त्यांना विकल समीकरणांच्या सिद्धान्तातील विषय प्रबंधासाठी सुचविला होता. परंतु तोवर तर्कशास्त्रातील एका प्रश्नाने त्यांच्या मनात घर केले होते.

प्रतिस्थापनाचा प्रश्न

१९२२ मध्ये करी यांनी आल्फ्रेड व्हाइटहेड आणि बर्ट्रंड रसेल यांचा प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका हा ग्रंथ वाचावयास घेतला. सर्व गणित तर्कशास्त्राच्या मोजक्या नियमांतून उभे करण्याचा हा भव्य प्रयत्न होता. ग्रंथाच्या प्रारंभीच करी यांचे लक्ष दोन नियमांतील तफावतीकडे गेले. पहिला नियम अगदी साधा होता. ‘अ असेल तर ब’ हे सिद्ध आहे आणि ‘अ’ ही सिद्ध आहे, तर ‘ब’ सिद्ध मानावे. दुसरा नियम प्रतिस्थापनाचा, म्हणजे सूत्रातील एका चलाच्या जागी दुसरे पद ठेवण्याचा होता.

वरवर पाहता हा दुसरा नियमही सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो काटेकोरपणे लिहावयास गेल्यास अनेक अडचणी येतात. एकच चल सूत्रात कोठे मोकळे असते, तर कोठे बांधलेले; चुकीच्या जागी पद ठेवले की सूत्राचा अर्थच बदलतो. अनुमानाचे इतके साधे शास्त्र आणि त्याच्या पायाशी इतका गुंतागुंतीचा नियम, ही गोष्ट करी यांना खटकली. या नियमाचे लहान लहान, स्वच्छ टप्पे पाडता येतील काय, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि आयुष्यभर सोडला नाही.

प्रिन्स्टन आणि ग्योटिंगेन

१९२७-२८ या वर्षी करी प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापन करीत होते. तेथील ग्रंथालयात वाचन करीत असता मोझेस शॉनफिंकेल यांचा १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेला जर्मन निबंध त्यांच्या हाती आला. करी स्वतः ज्या संयोजकांपर्यंत पोचले होते, त्यांतील मुख्य कल्पना शॉनफिंकेल यांनी आधीच मांडलेल्या त्यांना आढळल्या. एखाद्या तरुण संशोधकाला असा प्रसंग निराश करणारा ठरू शकतो. करी यांनी मात्र हे काम जेथे झाले होते त्या गावी जाऊन ते पुढे नेण्याचा निश्चय केला.

शॉनफिंकेल यांनी आपले विचार जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात मांडले होते. पुढे ते मॉस्कोला गेले आणि मानसिक आजाराने ग्रस्त झाले. त्यांचे काम त्यांच्या हातून पुढे जाणार नव्हते. १९२८ मध्ये करी यांचा मेरी व्हर्जिनिया व्हीटली यांच्याशी विवाह झाला आणि त्याच वर्षी हे दांपत्य ग्योटिंगेनला गेले. तेथे डेव्हिड हिल्बर्ट हे त्यांचे अधिकृत मार्गदर्शक होते. प्रत्यक्ष चर्चा मुख्यतः पॉल बेर्नाइस यांच्याशी होत असे. १९२९ च्या उन्हाळ्यात त्यांची तोंडी परीक्षा झाली आणि संयोजक तर्कशास्त्राच्या पायाविषयीचा त्यांचा जर्मन भाषेतील प्रबंध १९३० मध्ये प्रसिद्ध झाला.

संयोजकांचे तर्कशास्त्र

संयोजक म्हणजे दिलेली पदे ठरावीक रीतीने जोडणारे, वगळणारे किंवा त्यांची पुनरुक्ती करणारे चिन्ह. या शास्त्रात एकच मूलभूत क्रिया आहे : एक पद दुसऱ्या पदाला लागू करणे. ‘के’ या संयोजकाला दोन पदे दिली असता तो पहिले पद परत देतो आणि दुसरे वगळतो. ‘एस’ या संयोजकाला अ, ब, क ही तीन पदे दिली असता तो ‘अ क’ हे पद ‘ब क’ या पदाला लागू करतो.

एवढ्या दोन संयोजकांतून इतर सर्व संयोजक घडविता येतात. उदाहरणार्थ, जे पद द्यावे तेच परत देणारा संयोजक ‘एस के के’ असा लिहिता येतो. त्याला ‘अ’ दिले की ‘एस’च्या नियमाने ‘(के अ)(के अ)’ मिळते. मग ‘के’च्या नियमाने पहिला ‘अ’ उरतो आणि दुसरा भाग गळून पडतो. या संपूर्ण व्यवहारात चल बांधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रतिस्थापनाचा तो अवघड नियम अशा रीतीने दोन सोप्या नियमांत विभागला गेला.

अनेक पदे घेणारे फलन एका वेळी एकच पद घेणाऱ्या फलनांच्या साखळीत बदलण्याच्या प्रक्रियेला आज करिंग म्हणतात. ही कल्पना गॉटलोब फ्रेग यांच्या लेखनात दिसते आणि शॉनफिंकेल यांनी तिचा पद्धतशीर उपयोग केला होता. करी यांनी स्वतः तिचे श्रेय शॉनफिंकेल यांना दिले. तरी नाव मात्र करी यांचेच रूढ झाले.

विसंगतीचा धक्का

सप्टेंबर १९२९ मध्ये करी पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात अध्यापक म्हणून रुजू झाले. अधूनमधून रजेवर अन्यत्र गेले, तरी १९६६ पर्यंत त्यांची नोकरी याच संस्थेत झाली. त्यांची कन्या १९३० मध्ये आणि पुत्र १९३४ मध्ये जन्मला. महामंदीच्या त्या वर्षांत, मोठ्या संशोधन केंद्रांपासून दूर असलेल्या गावी राहून, मोजक्याच लोकांना कळणाऱ्या विषयावर ते एकामागून एक निबंध लिहीत राहिले.

याच काळात प्रिन्स्टनमध्ये अलोन्झो चर्च यांनी लॅम्डा कलन ही पद्धत विकसित केली होती. तिच्यात चले होती. पण फलन हीच मूळ वस्तू मानण्याचा तिचा उद्देश करी यांच्या उद्देशाशी जुळणारा होता. दोन्ही पद्धतींत पदांवर कोणतेही बंधन नव्हते. कोणतेही पद कोणत्याही पदाला, अगदी स्वतःलाही, लागू करता येई. या मोकळ्या पायावर तर्कशास्त्राचे नियम रचून गणित उभे करावे, अशी दोघांची अपेक्षा होती.

१९३५ मध्ये चर्च यांचे विद्यार्थी स्टीफन क्लीनी आणि बार्कली रॉसर यांनी सिद्ध केले, की चर्च यांची मूळ पद्धत आणि करी यांच्या पद्धतीचा विस्तारित भाग या दोन्ही विसंगत आहेत. विसंगत पद्धतीत कोणतेही विधान सिद्ध करता येते. म्हणून तिच्यातील कोणत्याच सिद्धतेला मोल उरत नाही. करी यांच्या जवळजवळ तेरा वर्षांच्या परिश्रमांपुढे हे प्रश्नचिन्ह होते.

चर्च यांनी लॅम्डा कलनातील गणनेचा निर्दोष भाग वेगळा काढून ठेवला आणि संपूर्ण गणिताचा पाया त्यावर रचण्याचा मूळ बेत सोडला. करी यांनी वेगळी भूमिका घेतली. विरोधाभास उत्पन्न करणारी पदे लिहिण्यासच मनाई केली, तर विरोधाभास का उत्पन्न होतो हे कधीच कळणार नाही, असे त्यांचे मत होते. ती पदे भाषेत राहू द्यावीत आणि त्यांच्याविषयी काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, याचा शोध घ्यावा, हा मार्ग त्यांनी पत्करला.

करी विरोधाभास

या शोधातून १९४२ मध्ये करी यांनी क्लीनी व रॉसर यांच्या लांबलचक सिद्धतेच्या मुळाशी असलेली अडचण थोडक्यात दाखवून दिली. तिलाच करी विरोधाभास म्हणतात. पुढील वाक्य पाहावे : ‘हे वाक्य खरे असेल, तर चंद्र लाकडाचा आहे.’ क्षणभर हे वाक्य खरे आहे असे समजू. मग ते जे सांगते ते लागू होते आणि चंद्र लाकडाचा ठरतो. म्हणजे वाक्य खरे मानल्यास चंद्र लाकडाचा आहे, एवढे आपण सिद्ध केले. पण वाक्यात नेमके हेच सांगितले आहे. म्हणून ते वाक्य खरे आहे. आणि ते खरे असल्याने चंद्र लाकडाचा आहे.

रसेल यांच्या प्रसिद्ध विरोधाभासात नकाराचा उपयोग होतो. करी यांच्या युक्तिवादात नकार कोठेही नाही; ‘असेल तर’ एवढाच संबंध आणि स्वतःचा उल्लेख करण्याची मुभा या दोन गोष्टी पुरेशा आहेत. त्यामुळे केवळ नकाराच्या नियमांत फेरफार करून सुटका होत नाही, हे स्पष्ट झाले. तर्कशास्त्राच्या तत्त्वज्ञानात या विरोधाभासाची चर्चा आजही चालू आहे.

प्रकारांचा सिद्धान्त

विरोधाभास टाळण्यासाठी रसेल यांनी प्रकारांचा सिद्धान्त मांडला होता. त्यानुसार प्रत्येक वस्तूला एक प्रकार असतो आणि प्रकार जुळत नसतील तर सूत्र लिहिताच येत नाही. चर्च यांनी १९४० मध्ये याच धर्तीवर लॅम्डा कलनाचे प्रकारयुक्त रूप प्रसिद्ध केले. त्यात प्रकार हा पदाचाच अंगभूत भाग आहे. संख्येला तीच संख्या परत देणारे फलन आणि वाक्याला तेच वाक्य परत देणारे फलन ही तेथे दोन निरनिराळी पदे ठरतात.

करी यांनी त्याआधीच, १९३४ मधील एका निबंधात आणि १९३६ मध्ये जपानमधील तोहोकू गणित नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात, दुसरी वाट दाखविली होती. या विषयाला ते फंक्शनॅलिटी म्हणत. त्यांच्या मांडणीत पदाला जन्मतः प्रकार नसतो. ‘हे फलन अ प्रकारच्या वस्तूंपासून ब प्रकारच्या वस्तू देते’ हे त्या पदाविषयीचे स्वतंत्र विधान असून ते सिद्ध करावे लागते. दिलेले पद जसेच्या तसे परत देणारा संयोजक एकच आहे. मात्र त्याच्याविषयी ‘अ → अ’ हे विधान ‘अ’च्या जागी कोणताही प्रकार घातला तरी सिद्ध होते. एका पदाला अनेक प्रकार असू शकतात, तसेच एखाद्या पदाला एकही प्रकार नसू शकतो.

स्वतःला लागू केलेले पद हे या शेवटच्या स्थितीचे उदाहरण आहे. एखादे पद फलन म्हणून ‘अ → ब’ या प्रकारचे असेल, तर त्याला दिले जाणारे पद ‘अ’ प्रकारचे हवे. दोन्ही ठिकाणी एकच पद असल्यास ‘अ’ आणि ‘अ → ब’ हे एकच प्रकार ठरावे लागतील आणि ते साध्या प्रकारांत अशक्य आहे. म्हणून अशा पदाला प्रकार मिळत नाही. तरीही करी यांच्या पद्धतीत ते पद बाद होत नाही. ते लिहिता येते, त्यावर क्रिया करता येते. फक्त त्याच्या वर्तनाची हमी देणारे विधान करता येत नाही. या भेदामुळेच आज प्रकारपद्धतींचे वर्णन करताना चर्च शैली आणि करी शैली असे दोन शब्दप्रयोग वापरले जातात.

हा मार्गही निर्वेध नव्हता. प्रकारांवर कोणतीही मर्यादा न घालता हा सिद्धान्त संपूर्णपणे मांडल्यास तोही विसंगत होतो, हे १९५५ च्या सुमारास स्वतः करी यांच्याच लक्षात आले. त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि सिद्धान्त मर्यादित रूपात पुन्हा रचला.

युद्धकाळ आणि संगणक

दुसऱ्या महायुद्धात करी यांनी तर्कशास्त्राचे काम बाजूस ठेवून उपयोजित गणिताकडे लक्ष दिले. १९४२ ते १९४४ या काळात ते फ्रँकफर्ड शस्त्रागारात होते. त्यानंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत आणि १९४५-४६ मध्ये ॲबर्डीन येथील लष्करी प्रक्षेपणशास्त्र प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. तेथे एनिॲक या आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाशी त्यांचा संबंध आला. व्यस्त अंतर्वेशनाचे गणित त्या यंत्रावर कसे सोडवावे, याविषयीचा अहवाल त्यांनी विला वायट यांच्यासह १९४६ मध्ये लिहिला.

या अनुभवातून १९४९ आणि १९५० मध्ये त्यांनी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेसाठी आणखी दोन अहवाल तयार केले. लहान आज्ञावल्या ठरावीक नियमांनी जोडून मोठी आज्ञावली कशी बनवावी, हा त्यांचा विषय होता. संयोजकांवर काम केलेल्या लेखकाची दृष्टी त्यात स्पष्ट दिसते. संगणकाच्या स्मृतीत आज्ञा आणि संख्या एकाच रूपात साठविल्या जातात. यंत्राला त्यांतील फरक कळत नाही. करी यांनी या दोहोंत काटेकोर भेद केला आणि त्यांची सरमिसळ कोठे चालेल, कोठे नाही, याचा विचार केला. गणिती सूत्रापासून यंत्राच्या आज्ञा तयार करण्याची रीतही त्यांनी सांगितली होती. या अहवालांचा त्या काळी फारसा प्रसार झाला नाही. प्रोग्रॅमिंगच्या इतिहासकारांनी पुढे त्यांची दखल घेतली.

ग्रंथलेखन आणि विचार

सिम्बॉलिक लॉजिकच्या अभ्यासकांची संघटना १९३६ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापक सदस्यांत करी होते आणि १९३८ ते १९४० या काळात त्यांनी तिचे अध्यक्षपद सांभाळले. १९५०-५१ मध्ये ते फुलब्राइट शिष्यवृत्तीवर बेल्जियममधील लुव्हेन येथे होते. तेथील रॉबर्ट फाइस यांच्यासह लिहिलेला कॉम्बिनेटरी लॉजिक या ग्रंथाचा पहिला खंड १९५८ मध्ये प्रकाशित झाला. गणिताच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचे पुस्तक १९५१ मध्ये आणि गणिती तर्कशास्त्राच्या पायाविषयीचा विस्तृत ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तत्त्वज्ञानात ते रूपवादी होते. गणित म्हणजे औपचारिक पद्धतींचा अभ्यास, अशी त्यांची व्याख्या होती. एखादी पद्धत स्वीकारावी की नाही, हे तिच्या उपयोगावरून ठरवावे, असे ते मानीत. तिची सुसंगतता आधी सिद्ध झालीच पाहिजे असा हिल्बर्ट यांच्यासारखा आग्रह त्यांनी धरला नाही.

१९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी हाच प्रकारविचार भाषेच्या व्याकरणाला लागू केला. त्याची कल्पना मराठी उदाहरणावरून येऊ शकेल. ‘कळी’ हे नाम आहे. ‘कोवळी’ हे विशेषण नामाला लागले असता ‘कोवळी कळी’ असा नामासारखाच शब्दसमूह मिळतो. म्हणून विशेषणाचा प्रकार ‘नाम → नाम’ असा होतो. ‘फुलते’ हे क्रियापद नाम घेऊन पूर्ण वाक्य देते. म्हणून त्याचा प्रकार ‘नाम → वाक्य’ असा सांगता येतो. वाक्याची अशी आंतरिक घडण आणि प्रत्यक्ष उच्चारातील शब्दांचा क्रम या दोन पातळ्या करी यांनी निराळ्या मानल्या. हा भेद भाषाविज्ञानातील काही आधुनिक संप्रदायांनी पुढे स्वीकारला.

ॲम्स्टरडॅम आणि अखेरची वर्षे

१९६६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून निवृत्त झाल्यावर करी यांनी नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम विद्यापीठात अध्यापन स्वीकारले. एव्हर्ट बेथ यांच्या निधनाने रिकामे झालेले हे पद त्यांनी १९७० पर्यंत सांभाळले. या काळात, १९६९ मध्ये, पदाचा प्रकार शोधून काढण्याच्या रीतीविषयीचा त्यांचा महत्त्वाचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉजर हिंडली यांनी दाखविले, की ज्या पदाला प्रकार देता येतो, त्याला एक सर्वांत व्यापक प्रकार असतो आणि बाकीचे सर्व प्रकार त्याचीच विशेष रूपे असतात.

ग्रंथाचा दुसरा खंड हिंडली आणि करी यांचे विद्यार्थी जोनाथन सेल्डिन यांच्या सहकार्याने १९७२ मध्ये पूर्ण झाला. १९८० मध्ये करी यांच्या ऐंशीव्या वर्षानिमित्त त्यांना एक गौरवग्रंथ अर्पण करण्यात आला. १ सप्टेंबर १९८२ रोजी, वयाची ब्याऐंशी वर्षे पूर्ण होण्यास अकरा दिवस उरले असता, स्टेट कॉलेज येथे त्यांचे निधन झाले.

करी–हॉवर्ड साधर्म्य

‘के’ या संयोजकाचा प्रकार ‘अ → (ब → अ)’ असा आहे. यातील बाण ‘असेल तर’ असा वाचला, तर ‘अ असेल, तर ब असल्यास अ असते’ हे तर्कशास्त्रातील परिचित स्वयंसिद्धक मिळते. ‘एस’चा प्रकारही दुसऱ्या एका स्वयंसिद्धकाशी तंतोतंत जुळतो. आणि फलन लागू करण्याचा नियम म्हणजे प्रिन्सिपियामधील तो साधा पहिला नियमच होय. हे साम्य करी यांनी १९३४ पासून पाहिले होते आणि १९५८ च्या ग्रंथात त्याचे विवेचन केले.

विल्यम हॉवर्ड यांनी १९६९ मध्ये हस्तलिखित रूपात या साम्याचा विस्तार केला. ते लेखन १९८० च्या गौरवग्रंथात छापले गेले. त्यानुसार विधान म्हणजे प्रकार आणि त्याची सिद्धता म्हणजे त्या प्रकारची आज्ञावली. गणिती सिद्धता संगणकाकडून तपासून घेणाऱ्या अनेक आधुनिक प्रणाली या तत्त्वावर उभ्या आहेत.

प्रोग्रॅमिंग भाषांवरील प्रभाव

रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये प्रोग्रॅमिंग भाषेसाठी प्रकार शोधण्याची पद्धत मांडली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने प्रकार न सांगताही संगणक स्वतः ते शोधून काढू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. हिंडली यांच्या आधीच्या निष्कर्षाशी तिचे नाते असल्याने ती हिंडली–मिल्नर पद्धत म्हणून ओळखली जाते.

करी शैलीचा विचार प्रकारांचे बंधन नसलेल्या भाषांच्या बाबतीत विशेष उपयोगी ठरतो. समजा, पायथन भाषेत ‘दुप्पट’ नावाचे फलन लिहिले आणि दिलेली वस्तू तिच्याशीच अधिक करावी, एवढेच त्यात सांगितले. त्याला ७ दिले तर १४ मिळते. ‘राम’ हा शब्द दिला तर ‘रामराम’ मिळते. भाषेच्या दृष्टीने दोन्ही वापर योग्य आहेत. पण लिहिणाऱ्याच्या मनात केवळ संख्या असतील आणि कोणी चुकून शब्द दिला, तर ही चूक संगणक दाखवीत नाही. ती पुढे भलत्याच ठिकाणी प्रकट होते. अशा वेळी फलनाच्या शेजारी ‘संख्या → संख्या’ अशी नोंद करता येते. ही नोंद वाचून तपासणी करणारा वेगळा प्रोग्रॅम चुकीचा वापर आधीच दाखवून देतो. नोंद पुसून टाकली, तरी मूळ फलन पूर्वीसारखेच चालते.

अशा नोंदींचे प्रमाणित स्वरूप पायथन भाषेत २०१५ मध्ये ३.५ या आवृत्तीबरोबर आले. जावास्क्रिप्ट भाषेला प्रकारांची जोड देणारी टाइपस्क्रिप्ट ही भाषा मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केली. प्रोग्रॅमचा काही भाग नोंदींसह आणि काही भाग नोंदींविना ठेवण्याच्या रीतीला जेरेमी सीक आणि वालिद ताहा यांनी २००६ मध्ये तात्त्विक बैठक दिली. त्यात प्रकार माहीत नसल्याची स्पष्ट खूणही प्रकारांच्या यादीत घेतलेली असते. करी यांच्या मांडणीत ती नव्हती. या सर्व भाषांचा करी यांच्याशी असलेला संबंध मुख्यतः विचाराचा आहे. लिहून झालेली, चालू असलेली आज्ञावली न मोडता तिच्याविषयी नंतर तपासण्याजोगे विधान जोडणे शक्य आहे, ही खात्री प्रकार हे पदाचे अंगभूत लक्षण मानल्यास मिळत नाही. ते पदाविषयीचे विधान मानल्यास मिळते.

नाव आणि स्मृती

१९८७ मध्ये अमेरिकेतील पोर्टलँड येथे भरलेल्या परिषदेच्या वेळी काही संगणकशास्त्रज्ञांनी फलनांवर आधारित भाषांसाठी एक सामाईक भाषा घडविण्याचे ठरविले. तिला हॅस्केल हे नाव देण्यात आले आणि तिचा पहिला अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. नाव निश्चित करण्यापूर्वी समितीतर्फे पॉल ह्युडॅक हे एका सहकाऱ्यासह करी यांच्या पत्नी व्हर्जिनिया यांना भेटावयास गेले होते. त्यांनी आनंदाने संमती दिली. मात्र निरोप घेताना, आपल्या पतींना हॅस्केल हे स्वतःचे नाव कधीच आवडले नव्हते, असेही त्यांनी पाहुण्यांना सांगितले. फलने आणि तर्कशास्त्र यांचा मिलाफ साधणाऱ्या आणखी एका भाषेला पुढे करी हे नाव मिळाले.